चिकटलेलं पाणी, मोकळं पाणी

एमआरआयच्या नळीत सरकवलं की छत अगदी नाकाशी येतं. तोंडावर पिंजरा, हातात रबरी चेंडू. "घाबरलीस तर दाब, पण दाबलास तर मोजणी पहिल्यापासून," असं नात बजावून गेली. तिच्या संशोधनाला धडधाकट म्हातारा मेंदू हवा होता, आणि मीच मिरवत "माझा घे" म्हटलं होतं.

मेंदूच्या पांढऱ्या भागात थोडं पाणी म्हणे तंतूंच्या वेष्टणाला चिकटून असतं, बाकीचं मोकळं. यंत्र धक्का देतं चिकटलेल्याला, आणि मोजतं काय, तर त्यामुळे मोकळं पाणी किती मरगळतं नि किती वेळात सावरतं.

म्हणजे लेकी बोले, सुने लागे! घराघरांत हे चालत आलंय, मोजलं मात्र कुणी नाही.

ठकठक सुरू झाली, चेंडू दाबावासा वाटला, आणि आठवली ती नवी सून, म्हणजे मीच. सासूबाई नणंदेला बोलल्या की जेवण मी सोडायची. एकदा त्या मांजराला "फुकटखाऊ" म्हणाल्या, तर मी दोन दिवस चहाला शिवले नाही. मांजर त्याच संध्याकाळी दूध पिऊन झोपलं.

मला हसू फुटलं.

"आजी, हललीस! पुन्हा घ्यावं लागेल. जरा बाहेर काढू का?"

ती सून "नको, बरी आहे मी" म्हणाली असती आणि आत धुमसत पडली असती.

"काढ!" मी ओरडले. "घोटभर पाणी दे, मग घाल परत."