माझ्या नावावर दुसरी मुलगी

बाईंनी माझ्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "उद्या घरीच राहा हां. तू आजारी आहेस असं सांगते मी."

मी ठणठणीत होते. पाचवीत होते आणि मला धड वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब येणार होते, मुलांना किती येतं ते बघायला. शाळेचा नंबर वर लागला पाहिजे. म्हणून आम्हा 'ढ' पोरांना पुडे वाटले आणि वर्गातून झाडून काढलं. सगळी आमच्या नारपोली वस्तीतल्या, लूमवर कापड विणणाऱ्या कामगारांची, हमालांची पोरं. ज्यांच्या बापांनी शाळेला पंखे दिले होते, त्यांची पोरंही अडखळतच वाचायची. त्यांना कुणी आजारी पाडलं नाही.

घरी आले तर आई वळ गावातल्या गोदामात ड्युटीला निघाली होती. म्हणाली, "बाई सांगत्यात तं ऱ्हा ना घरी." तिला वाटलं, बाई माझी काळजी करतात. मी मात्र तो पुडा फोडलाही नाही. अजूनही ती बिस्किटं मी तोंडाला लावत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलेच शाळेत. माझ्या जागेवर सहावीतली एक हुशार मुलगी बसवलेली. साहेबांनी माझं नाव घेतलं. ती उठली आणि म्हणाली, "हजर."

अंगाचा तिळपापड झाला. मी दारातूनच बोलले, "साहेब, ते नाव माझं हाय."

साहेबांनी माझ्यापुढे पुस्तक धरलं. मी दोन ओळी वाचल्या, मग जोडाक्षरांत अडकले. वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या. साहेबही हसले आणि त्या मुलीबद्दल एक शब्द न विचारता चहाला गेले. शी. असल्या माणसांनी आम्हाला मार्क द्यायचे.

नंतर बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "शाळेचं नाक कापलंस. लायकी आहे का तुझी?"

"मला वाचता येत न्हाय," मी म्हटलं. "तुमी शिकवलंच न्हाय. आता शिकवा."

थोबाडीत बसली. गाल चोळत मी वर्गात आले, त्या मुलीला उठवलं आणि माझ्या जागेवर बसले. मी कच्ची आहे ना, मग कच्ची लिहा. पण मला समोर बसवून लिहा. पुढच्या तपासणीला मी येणार होते. वाचता येवो न येवो, माझ्या नावाला मीच उभी राहणार होते.