गाडीपर्यंत चालणारं पोर

पेठकडच्या आमच्या पाड्यावरून निफाडला द्राक्षांच्या कामाला बायका न्यायचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. गाडीत कोण चढणार ते मी ठरवायचे. नियम एकच. एक कडेवर आणि दुसरं पोटात, अशी बाई घ्यायची नाही. मांडवाखाली दिवसभर हात वर करून घडातले दाणे विरळायचे असतात. पोर रडलं की आईचा हात खाली येतो आणि सगळी टोळी मागं पडते.

नर्सबाई सांगायच्या, दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. पाड्यावर अंतर ठरायचं ते माझ्या गाडीवरून.

बायका खोटं बोलायच्या. "चालतं हो मावशी, पळतं." म्हणून मी पोराला गाडीपासून दहा पावलांवर उभं करायचे आणि आईला गाडीशी. पोर चालत आलं तर आई आत.

एका साली एक नवी सून आली. पदरानं पोट झाकलं होतं. मला स्वतःला वर्षाआड पाच झाली, मला कळतं. तिची पोरगी दोन पावलं चालली, बसली आणि माती खाऊ लागली.

"काल चालली होती," सून म्हणाली.

"मग काल यायचं होतंस."

गाडीतल्या बायका हसल्या. फवारणीच्या कामाला निघालेला तिचा नवराही गाडीत होता. तो उतरला नाही. आम्ही निघालो तेव्हा ती पोरीच्या तोंडातली माती बोटानं काढत होती.

दुसरीही पोरगीच झाली. तिसऱ्या हंगामाला दोन्ही पोरी आपल्या पायांनी गाडीपर्यंत आल्या. मागून सासू आली.

"बाय, हिला म्हणलं आता एक नातू दे. तर म्हणती, पोट दिसलं की मावशी गाडीत घेणार नाय. एवढी बारी सूट दे."

असं मी कधीच म्हटलं नव्हतं. पोरी चालत होत्या, माझ्या नियमानं तिला पोटाशी असतानाही घेता आलं असतं. सून खाली बघून धाकटीच्या झग्याचं बटण लावत बसली. मला तिची दया आली नाही. मला तरणा हात हवा होता.

"खरं सांगती ती," मी म्हणाले. "पोट दिसलं तर तुझ्या लेकालाही घेणार नाय. नातू पाहिजे तर तूच हो पोटाशी."

"तुझ्या जिभेला किडे पडतील," म्हणत सासू गेली.

गाडीत सून माझ्या शेजारी बसली. "मावशी," ती म्हणाली.

"उपकार मानू नको. हात मंदावला तर उतरवीन."

"मानत नाय. त्या साली तुम्ही मला गाडीत घेतलं नाय, मग पोटातलं पाडायला मी काय काय केलं, ते सांगते."

मी नको म्हणाले. तिनं निफाड येईपर्यंत सगळं सांगितलं, धाकटीला मांडीवर घेऊन.