दादांचं कॅन्टोनीज

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका अभ्यासू आणि तरीही काहीही न शिकलेला माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नसेल. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. रेल्वेतून निवृत्त होऊन ते बुढापारा मोहल्ल्यात सुखानं राहत होते, तेवढ्यात हाँगकाँगला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं. सून इंग्रजी बोलायची, तिचा प्रश्न नव्हता. विहीणबाईंना मात्र कॅन्टोनीजखेरीज एक शब्द येत नव्हता. "विहिणीशी बोलाले मधात माणूस लावणं बरं दिसत नाही," असं म्हणून दादांनी ती भाषा शिकायचं ठरवलं आणि माझी सकाळची शांतता संपली.

राजधानी झाल्यापासून रायपुरात वाटेल त्याचे क्लास निघालेत, पण कॅन्टोनीजचा एकही नाही. तेव्हा उरला मोबाइल. गोल बाजारात साधी कढई घ्यायची तरी दादा दहा वाजवून पाहतात, मग ॲप कसं सुटणार? मी चहाचा कप उचलला की ते दारात हजर. "जावईबापू, हे पाहून घ्या बरं." एक ॲप त्यांनी काढून टाकलं, कारण ते पहिल्याच धड्यात 'मुलगा सफरचंद खातो' शिकवत होतं. "मी विहिणीले हे काहून सांगू?" दुसरं, चुकलं की रडका चेहरा दाखवायचं. या वयात अपमान नको म्हणून तेही गेलं. तिसरं उच्चार ऐकून गुण द्यायचं. या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून दादा आमच्या ओसरीत एकच शब्द कधी वरच्या, कधी खालच्या पट्टीत आळवत बसत. शेजारच्या दीदींनी बायकोला हळूच विचारलं, "भैया की तबियत ठीक है ना?"

चौथं मात्र पसंत पडलं. पावसाळाभर घोकून दिवाळीला दादा व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंशी न अडखळता बोलले. बाईंनी अदबीनं मान हलवली, मग लेकीला काहीतरी विचारलं. सून म्हणाली, "बाबा, आई विचारतेय, तुम्ही मँडरिन कुठे शिकलात?"

ॲपवर नुसतं 'चायनीज' लिहिलेलं होतं, आणि ती निघाली बीजिंगकडची मँडरिन, कॅन्टोनीजहून वेगळीच भाषा. दोष अर्थात माझा. "तुम्ही संगच होते ना, मंग बोलले काहून नाही?"

"दादा, आता कोणतंही एक घ्या आणि शिका," मी हात जोडले.

"तेच तर पाहून राहिलो."

या उन्हाळ्यात आमच्या वहिनी, दादांची बायको, गेल्या. तेरावं आटोपून मुलगा-सून परतले. एके दिवशी दुपार कलली तरी दादांपुढचं ताट तसंच होतं. मी समजावून थकलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर विहीणबाई, एकट्याच. बाईंनी सावकाश, शब्द सुटे करून विचारलं, "सिक् जो फान् मेई?" म्हणजे, जेवलात का?

अर्ध्यावर सोडलेल्या कुठल्याशा ॲपमधलं एवढं दादांना समजलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं. "मेई," ते म्हणाले. अजून नाही.

बाईंनी आपली भाताची वाटी फोनसमोर आणून ठेवली आणि हात न लावता थांबल्या. दादांनी ताट पुढे ओढलं. वरण गार झालं होतं. ते गरम करायला मी आत गेलो आणि जरा उशिरानंच बाहेर आलो.