घडीवरचं नाव

"धरायला जागा सोड की."

छापून निघालेला पहिला कागद अण्णा खिडकीच्या उजेडात धरायचे, डाव्या समासावर अंगठा ठेवायचे आणि हे म्हणायचे. अंगठा अक्षरावर आला तर कागद बाद.

अण्णा मूळचे वळसंगचे, घरी कानडी बोलणारे. उभी हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सोलापुरातल्या आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला, तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेला माणूस काही मिळेना, म्हणून साहेबांनी निदान पान पाहिलेला माणूस आणला. मी मॅट्रिक आणि टायपिंगच्या जोरावर त्यांच्या हाताखाली लागले. माझे वडील, आबा, त्याच गिरणीत विणकर होते.

यंत्राला एका ओळीत हुकूम टाइप करून द्यावा लागे: फाइल कोणती, पानावर ओळी किती, वर आणि खाली कोऱ्या किती, डावीकडे समास किती, मथळा काय. अण्णा दोन बोटांनी तो इतक्या सावकाश टाइप करत की मधे माझा चहा पिऊन होई. एखादा आकडा चुकला की यंत्र भलतंच छापत सुटे. मग अण्णा त्याच्याशी कानडीत बोलत. काय ते मी कधी विचारलं नाही, पण आवाजावरून ते मुलीबाळींनी ऐकण्यासारखं नसावं.

कागद अखंड यायचा, घड्या घातलेला. घडीवर बारीक भोकं असत, तिथे फाडून शिपाई पानं सुटी करी. सुरुवातीला एकदा एका बदली कामगाराचं नाव नेमकं घडीवर छापलं गेलं. फाडल्यावर अर्धं वरच्या पानाला, अर्धं खालच्या. गेटवर आठवड्याच्या कामाची यादी वाचणाऱ्या जमादाराला ते लागेना, त्याने सरळ सोडून दिलं. तो माणूस आठ दिवस डबा घेऊन गेटपर्यंत यायचा आणि डबा घेऊन परत जायचा. अण्णांना कळलं तेव्हा ते त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी एकही नाव घडीवर जाऊ दिलं नाही.

"घडीवर माणूस घालायचा न्हाय, अक्का," ते मला म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण त्यांच्या तोंडी अक्काच.

त्या वर्षी गिरणीत काहीतरी बिनसलं होतं. एका शेडमधले माग थांबले. मग दुपारचा भोंगा बंद झाला. वेळ झाली की लोक सवयीने कान देत आणि एकमेकांकडे न बघता कामाला लागत. आबा जेवताना बोलेनासे झाले. तुमच्यापैकी जे गिरणगावात वाढले असतील त्यांना ती शांतता मी वेगळी सांगायला नको.

एका सकाळी साहेब स्वतः आले आणि फाइलचं नाव सांगून गेले. दारातच अण्णांनी त्यांना विचारलं, "मथळा काय घालू?"

"मथळा नको."

अण्णांनी यंत्राकडे खुर्ची ओढली. "बिनमथळ्याचा कागद लई वाईट असतोय," एवढंच म्हणाले.

नमुन्याचं पहिलं पान निघालं. सगळी नावं विणकाम खात्यातली. यादी कशाची हे सांगायची गरज उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी गेटवर ही नावं वाचली जाणार आणि ती माणसं घरी पाठवली जाणार. अण्णांनी पान खिडकीशी धरलं, पण अंगठा समासावर नव्हता. तो खालच्या अंगाला एका नावावर होता. तो सरकला तेव्हा मी वाचलं. आबांचं नाव, बिल्ल्याच्या नंबरासकट.

मी नंबर पुन्हा वाचला. आबांचाच होता.

"अकरा पानं हायत," अण्णा हळूच म्हणाले. "घड्या धाच, अक्का."

त्यांनी हुकूम पुन्हा टाइप केला. खालच्या कोऱ्या ओळींच्या जागी शून्य. वरच्या कोऱ्या ओळी मोजून वाढवल्या, आबांचं नाव सरकत पानाच्या अगदी टोकाला यावं इतक्या. मग उठून कागद सरकवायची चक्री अर्ध्या ओळीएवढी फिरवली. यंत्र चालू झालं आणि एकेका घडीवर एकेक नाव बसत गेलं. आबांखेरीज उरलेले नऊ जण कोण, ते अण्णांनी पाहिलं नाही आणि मलाही पाहू दिलं नाही.

"बघितलं तर निवडल्यासारखं हुतंय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहा नावं वाचली गेली नाहीत. आबा आत गेले. संध्याकाळी घरी येऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी साहेबांनी ती फाटलेली पानं आमच्या टेबलावर एकाखाली एक जुळवून मांडली.

"चूक झाली की, साहेब," अण्णा म्हणाले.

"चार वर्षांत तुमच्या हातून एक नाव घडीवर गेलं नाही," साहेबांचा आवाज चढलासुद्धा नाही. "आणि आता एकदम दहा?"

माझ्याकडे बघायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं. त्यांनी टोपी घातली, छापखान्यापासून जवळ असलेली, ओळी मोजायची पितळी पट्टी खिशात टाकली आणि वळसंगच्या एसटीने निघून गेले. ते मला पुन्हा दिसले नाहीत.

"तुला येतो ना हुकूम?" साहेबांनी मला विचारलं.

नाही म्हटलं असतं तर बापलेक एकाच दिवशी घरी बसलो असतो, असं मी पुढे अनेकांना सांगत आले. ते खरंही आहे. पण त्या वेळी मी एवढा विचार केलाच नव्हता, मी नुसती घाबरले होते. त्याची लाज मला अजून वाटते. मी अण्णांच्या खुर्चीत बसले आणि तीच यादी पुन्हा छापायला घेतली. आकडे बोटांना पाठ होते. वर सहा ओळी कोऱ्या, खाली सहा, समास दहा. एकही नाव घडीवर गेलं नाही. आबांचं नाव घडीच्या वर स्वच्छ उमटलं.

सकाळी आबांबरोबर मी गेटपर्यंत चालत गेले. वाटेत सांगायचं होतं, सांगता आलं नाही. जमादाराने पान हातात घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. त्याचा अंगठा डाव्या समासावर होता, एकाही अक्षराला लागत नव्हता. धरायला जागा मी नीट सोडली होती.