सगळ्यात मागची गाडी

आमच्या रविवारच्या टोळीत दहा मोटरसायकली होत्या आणि दहावी नेहमी बुर्कहार्टची. पिवळं जाकीट घालून तो सगळ्यांच्या मागे असायचा. कोणी पडलं, कोणाची चेन उतरली, कोणी वळण चुकलं, तर मागे बुर्कहार्ट आहे हे आम्ही गृहीत धरलेलं. नववी गाडी माझी. चौदा वर्षं मी त्याच्या पुढे चालवली, म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवणं हे माझं काम होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला स्वतःला सोडवून घ्यायची इच्छा होईल.

नियम त्यानेच घालून दिला होता. प्रत्येकाने आरशात मागच्याचा दिवा बघायचा. दिवा दिसेनासा झाला तर पुढच्या वळणावर थांबायचं. मग तुमचा दिवा दिसेना म्हणून तुमच्या पुढचा थांबतो, असं करत करत सगळी रांग थांबते. ब्लॅक फॉरेस्टच्या घाटात झाडी इतकी दाट की याहून सोपा उपाय नाही.

बुर्कहार्ट हेफेले आयुष्यभर घड्याळाच्या कारखान्यात तपासनीस होता. हिवाळ्यात आमच्या गाड्या त्याच्या गॅरेजमध्ये उघडल्या जायच्या. वॉल्व्हच्या फटीत तो ती मोजायचं पोलादी पातं सरकवायचा, डोळे मिटून. "घट्ट आहे," म्हणायचा. आम्ही विचारायचो, किती? तर म्हणायचा, "इंजिनाला त्रास होण्याइतकी." त्याची स्वतःची गाडी वीस वर्षांची, तेराशे सीसीची. लांब पल्ल्याला दमत नाही आणि वळणावर तरण्या गाडीला ऐकत नाही, अशी. पावणेदोन लाख किलोमीटर झालेले.

कॉफीला बसलं की गाड्यांची तुलना सुरू व्हायची. आमचा म्होरक्या डिर्क दर तीन वर्षांनी नवी गाडी घेतो आणि सहा महिने तिच्याबद्दल बोलतो.

"माझी पुढच्या गाडीपासून अंतर आपोआप राखते," तो म्हणायचा. "बुर्कहार्ट, तुझी आता संग्रहालयात ठेव."

"ठेवतो की. तू तिकीट काढून बघायला ये."

"पार्ट तरी मिळतात का तिचे?"

"तुझ्या गाडीच्या वॉरंटीपेक्षा लवकर मिळतात."

मग दोन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या हँडलवर रस्ता दाखवणारे जीपीएसचे पडदे आले. वळण चुकण्याची भीती गेली. जो तो आपल्या पडद्याकडे बघून चालवू लागला. नियम कोणी रद्द केला नाही, तो नुसता वापरातून गेला. मीसुद्धा आरशात बघेनाशी झाले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज विचारतो का आपण, आहेस ना म्हणून?

सप्टेंबरचा शेवटचा रविवार होता. पुढच्या महिन्यात त्याच्या गाडीची दोन वर्षांची सरकारी तपासणी यायची होती. तो चौऱ्याहत्तरचा. गाडी ठेवायची की विकायची, हे त्याला ठरवायचं होतं, आणि आमच्यापैकी कोणाला ते ठाऊक नव्हतं. लाकडाच्या वखारीजवळच्या बसथांब्यापाशी त्याने गाडी बाजूला घेतली. बिघडलं काहीच नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं होतं की चर्चमध्ये चारचे टोल पडेपर्यंत कोणी परत आलं, तर गाडी ठेवायची. तेव्हा अडीच वाजले होते.

हे सगळं त्याने मला नोव्हेंबरमध्ये सांगितलं. त्या दिवशी मी चाळीस किलोमीटर पुढे होते, चेरीचा केक खात.

"म्हातारा कुठाय?" डिर्कने विचारलं.

"कंटाळून घरी गेला असेल," कोणीतरी म्हणालं.

मी म्हणाले, "असेल." माझं जाकीट त्याच्या खुर्चीवर टाकलेलं होतं. मग डिर्कने हात लांब करून स्वतःसकट सगळ्यांचा फोटो काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. नऊ हसरे चेहरे आणि एका खुर्चीत माझं जाकीट. पावणेचार वाजता बसथांब्यावर बुर्कहार्टच्या फोनवर तो फोटो पोचला.

तिकडे त्याच्या हातून एक चूक झाली होती. बाक ओलं होतं, म्हणून हेल्मेट त्याने रस्त्याच्या कडेला, मागच्या चाकाजवळ ठेवलं. गाडीमागे जमिनीवर हेल्मेट ठेवणं म्हणजे आमच्यात 'मदत हवी' अशी खूण. ही खूण आम्हाला शिकवली त्यानेच, आणि तोच विसरला. फोटो बघत होता तेवढ्यात एक लाल मोटरसायकल करकचून थांबली. तिशीतली मुलगी, मायके नाव. हेल्मेट डोक्यावर असलं की आमच्यात सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात, वय घरी ठेवून येतात.

"काय बिघडलं?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. म्हणाला, "क्लच."

तिने क्लच दाबून पाहिला. "हा तर लोण्यासारखा आहे."

"मग बॅटरी असेल."

तिने बटण दाबलं. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तिने ती बंद केली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"आजोबा, गाडीला काही झालेलं नाही."

"नाही."

"मग तुला काय झालंय?"

तेव्हा त्याने तिला सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून जे कोणापाशी बोलला नव्हता, ते एका अनोळखी मुलीला, बसथांब्यावर. इल्झे त्याच्या मागे बसायची. "ती असताना मी कधी शेवटचा नव्हतो," तो म्हणाला. "शेवटची ती असायची. तिचे गुडघे लागायचे मला. आता आरशात बघतो तर नुसता रस्ता असतो."

मायकेची इस्पितळात संध्याकाळची पाळी होती. तरी ती चारचे टोल पडेपर्यंत थांबली. तिने आपल्या डब्यातला अर्धा पाव त्याला दिला. टोल पडले. आमच्यापैकी कोणी आलं नाही.

"चल," ती म्हणाली. "मी पुढे होते, तू मागून ये."

"नको," बुर्कहार्ट म्हणाला. "आज तू मागे राहशील का?"

तशी ती त्याच्या दारापर्यंत मागे राहिली. सबंध वाटभर आरशात दिवा होता, असं तो मला सांगत होता, आणि सांगताना वॉल्व्हचं पातं पुसत बसला होता. मी त्या रविवारी संध्याकाळी फोन केला होता. "पोचलो नीट," एवढंच म्हणाला होता तो, आणि माझं तेवढ्यावर समाधान झालं होतं.

नोव्हेंबरमध्ये गाडी घ्यायला उल्महून एक गृहस्थ आले. मी योगायोगाने गॅरेजमध्ये होते. गिऱ्हाईक जाणकार होतं. त्याने टायर पाहिले, ब्रेक पाहिले, सर्व्हिसची वही पाहिली आणि मान डोलावली. मग ते गाडीच्या तोंडापाशी वाकले. दिव्याच्या काचेवर, पुढच्या कव्हरवर, रेडिएटरच्या जाळीवर, सगळीकडे बारीक टवके. देवीचे व्रण असावेत तसे. मी ती गाडी चौदा वर्षं पाहत होते, पण लांबून, आरशात. गॅरेजमध्येही तिच्या तोंडापाशी वाकून कधी पाहिलं नव्हतं.

"खडीच्या रस्त्यावर चालवलीत वाटतं," गृहस्थ म्हणाले.

"नाही," बुर्कहार्ट म्हणाला. "चांगल्याच रस्त्यावर. पण लोकांच्या मागे."

मी त्या टवक्यांवरून बोट फिरवलं. माझ्या गाडीचं तोंड अजून नव्यासारखं आहे, कारण माझ्या पुढचा डावीकडून चालवतो आणि मी उजवीकडून. बुर्कहार्ट मात्र मी जिथे असेन तिथे, माझ्या मागे. यातले बहुतेक खडे माझ्याच चाकाने उडवलेले. मला इतकी लाज वाटली की तिथे उभं राहवेना.

गाडी गेल्यावर मी त्याच्याकडे ते पिवळं जाकीट मागितलं. मार्चमध्ये फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या की मी मागे राहीन म्हणाले. त्याने खुंटीवरून काढून ते झटकलं, घडी घालून माझ्या हातात दिलं.

"एक सांगतो, रोझी. आरशात बघायची सवय मोडून टाक. मागे कोणी नसतं."

"तू मोडलीस?"

"मी गाडी विकली," तो म्हणाला.