एका बदकापायी

किलाविन गावच्या टेनिस क्लबात शिष्टाचार भारी होते, लाज तेवढी नव्हती. विनी डेलाहंटने तिथला बायकांचा चषक लागोपाठ दोन वर्षं जिंकला होता. चषक वर्षभर विजेतीकडे राहायचा आणि तिसऱ्यांदा जिंकला की तो कायमचा घरी, असा नियम. शिवाय गेल्या वर्षीच्या विजेतीने थेट शेवटच्या सामन्यालाच उतरायचं. १९०९ च्या जुलैत विनी पांढऱ्या झग्याला इस्त्री करून तयार होती. एवढा एकच सामना तिला हवा होता.

आदल्या दिवशी क्लबाचे अध्यक्ष मेजर ट्रॅपनेल दारात येऊन उभे राहिले.

"विनी, उद्या तुला खेळता येणार नाही. तू आता हौशी खेळाडू राहिली नाहीस, धंदेवाईक झालीस. गिरणीवाल्या हॅनराहनबाईच्या मुलींना खेळ शिकवलास आणि मोबदला घेतलास."

"मोबदला? कसला?"

"बदक."

विनीला आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. पोरींना सर्व्हिस जमायला लागली म्हणून त्या बाईने गेल्या नाताळात प्रेमाने एक बदक पाठवलं होतं. ते भाजून टेबलावर आलं तेव्हा पाहुणा कोण होता? हाच मेजर! वडील कौतुकाने म्हणाले होते, "हे आमच्या विनीच्या कमाईचं!" तेव्हा हा गृहस्थ तंगडी चोखत मान डोलवत होता. आणि उद्याच्या सामन्यात समोर होती याचीच पुतणी.

"दोन्ही तंगड्या तुम्हीच खाल्ल्यात, मेजरसाहेब!"

"खाण्याचा इथे काय संबंध? नियम म्हणजे नियम. चषक दे, मी निघतो."

"देते की. आधी माझं बदक परत करा."

"अगं, खाल्लेलं कसं परत करणार?"

"मग चषकही विसरा. आणि जपून उतरा, पायरी ओली आहे. धंदेवाईक बाईच्या दारात पडलात तर लोक काय म्हणतील!"

पुतणी न खेळताच विजेती ठरली. चषकाविना रिकाम्या टेबलामागे उभी राहून तिने टाळ्या घेतल्या, आणि वाजवणाऱ्या एकाही निर्लज्जाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

विनीला पुन्हा कुठल्याही स्पर्धेत कोणी उतरू दिलं नाही. त्या वर्षीच्या नाताळात हॅनराहनबाईने मुद्दाम जिवंत बदक पाठवलं. विनीने ते पाळलं, आणि रस्त्यावरून मेजरला दिसेल अशा जागी त्याला चांदीच्या चषकात पाणी ठेवलं. येणारेजाणारे पोट धरून हसायचे, विनीने चांगली जिरवली म्हणायचे. विनी हसायची नाही. तिला तो सामना खेळायचा होता.