लोक थांबलेत

कॅप्टन मुकादम कुणालाही मागून हाक मारत नसत. तुम्ही रस्त्यानं पुढे चालला असाल आणि त्यांना तुमच्याशी बोलायचं असेल, तर ते लांबून वळसा घेत, तुमच्या पुढे जात आणि मग तोंड वळवून उभे राहत. डावा पाय थोडा ओढत चालणाऱ्या माणसानं एवढी यातायात कशाला करायची, असं पाहणाऱ्याला वाटे.

आमची पहिली भेट अशीच झाली. नवीन पनवेलमधली आमची सोसायटी तेव्हा खरोखरच नवीन होती आणि मी तिची सेक्रेटरी होते. पाण्याच्या टाकीपाशी प्लंबरशी माझा वाद चालला होता. एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ इमारतीला पूर्ण वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“मी मुकादम. तळमजल्यावर राहायला आलोय. पाणी किती वाजता येतं ते विचारायचं होतं.”

“तिथूनच विचारायचं ना,” मी म्हटलं. “दार तर इथंच आहे तुमचं.”

“तुमची पाठ होती माझ्याकडे. न दिसता जवळ जाणं बरं नाही.”

ते हेलिकॉप्टरचे पायलट होते, हे नंतर कळलं. ती मोठी, सैन्याची हेलिकॉप्टरं नव्हेत. दोन-चार माणसांची हलकी, पुढे काचेचा फुगा असलेली. कापसाच्या शेतांवर औषध फवारण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. पाय दुखावल्यावर मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत ते नवीन पायलटांना शिकवत. हेलिकॉप्टरच्या शेपटीला एक उभा छोटा पंखा असतो. फिरायला लागला की तो दिसेनासा होतो, आणि त्याच्याकडे बेसावध चालत गेलेली माणसं जागच्या जागी जातात. म्हणून चालू यंत्राकडे जायचं ते समोरून, आणि पायलटनं मान हलवल्यावरच. हा नियम कॅप्टननी सगळ्या जगाला लावून टाकला होता. त्यांच्या बायकोला, नफीसाभाभींना, याचं हसू येई. “आमच्या घरी मला बघायला आले ना, तेव्हा आधी घराभोवती फिरून आले. अब्बांना वाटलं, हा जागा मोजायला आलाय.”

आमची मैत्री माझ्या याद्यांमुळे झाली. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. पंप सुरू करण्याआधी काय काय बघायचं, ते मी वॉचमनसाठी लिहून पंपाशेजारी चिकटवलं होतं. चेअरमन हसले होते. कॅप्टननी मात्र चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, “हा रोज वाचतो का?”

“आता पाठ झालंय त्याला.”

“मग तर वाचायलाच पाहिजे, सेक्रेटरीबाई. पाठ झालं की माणूस मनात म्हणतो, आणि मनात म्हणताना एखादी ओळ गाळतो. इंजिनाला ती ओळ कळते.”

पुढे केबल टीव्ही आला आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर काळ्या तारांचं जाळं झालं. कॅप्टन खाली उभे राहून तासन्‌तास वर बघत. एकदा मला म्हणाले, “सांगा, समोरच्या दोन इमारतींमध्ये तारा किती?” मला एकही नीट दिसेना. “आता गच्चीवरचे पाईप बघा,” ते म्हणाले. मला तीन पाईप दिसले. “तार दिसत नाही. खांब दिसतो. खांब दिसला की तार आहे असं धरून चालायचं.” तेव्हापासून मला ती सवय लागली. ऑफिसात दोघे अचानक गप्प झाले की मीही आधी खांब शोधते.

ही हलकी हेलिकॉप्टरं पडतात तरी का, असं मी त्यांना एका रविवारी विचारलं. ते काही तरी भयंकर सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि भाजीचा भाव सांगावा तसं सांगायला लागले.

“आधीच्या काळात यंत्र माणसाला मारायचं. इंजिन बंद पडायचं, पात्याला चीर जायची, शेपटीचा दांडा तुटायचा. प्रत्येक अपघातानंतर लोकांनी तुकडे गोळा केले, बघितले, आणि पुढचं यंत्र सुधारलं. अमुक तास झाले की हा भाग काढून फेका, असे नियम झाले. त्या प्रत्येक नियमामागे कुणी तरी मेलेलं आहे, बाई. यंत्र सुधारत गेलं. राहिला माणूस.”

“म्हणजे पायलटची चूक?”

“चूक म्हटलं की विचार थांबतो. तार असते, ढग असतो, वजन असतं. ही तिन्ही पायलटला माहीत असतात. मला ज्या तारेनं पाडलं ती मी सकाळी स्वतः बघून ठेवली होती. दुपारी शेतमालक म्हणाला, औषध कालवून ठेवलंय, बाया-माणसं बांधावर उभी आहेत, लोक थांबलेत. मी घाई केली. तेवढ्यात तार डोक्यातून गेली.” मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “तार, ढग, वजन यांच्यावर पुस्तकं आहेत. ‘लोक थांबलेत’ याच्यावर फार कुणी लिहीत नाही. सगळ्यात जास्त वजन त्याचंच.”

मी पनवेलमधल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात काम करते. त्या वर्षी ऑक्टोबरात तिचा सुवर्णमहोत्सव होता आणि मंत्र्यांच्या हस्ते संस्थापकांच्या पुतळ्याचं अनावरण होतं. आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत, त्यांनी ठरवलं की अनावरणाच्या क्षणी हेलिकॉप्टरमधून पुतळ्यावर पुष्पवृष्टी करायची, आणि फुलं स्वतः उधळायची. विचुंब्याच्या बाजूच्या एका मोकळ्या शेतात हेलिकॉप्टर उतरणार, फुलं आणि आप्पासाहेबांना घेऊन शाळेवर येणार. सगळी व्यवस्था माझ्याकडे. कंपनी कॅप्टन शिकवत होते तीच निघाली आणि पायलट त्यांचा विद्यार्थी मकरंद. मुलगा हुशार होता, नोकरीत नुकताच कायम झाला होता, घरी बायको बाळंत व्हायची होती. मी कॅप्टनना म्हटलं, तुम्ही शेतावर माझ्याबरोबर थांबा, मला यातलं काही कळत नाही.

त्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. कर्नाळ्याच्या बाजूला ढग जमायला लागले होते. कॅप्टन आल्या आल्या झेंडूच्या टोपल्यांपाशी गेले आणि एक उचलायला वाकले. ती सहज उचलेना. त्यांनी हात आत घातला, तो ओला बाहेर आला.

“यात पाणी कशाला?”

वसतिगृहाच्या मुलींनी पहाटेपासून झेंडू निवडून पाकळ्या केल्या होत्या आणि त्या सुकू नयेत म्हणून पुन्हा पुन्हा पाणी शिंपडलं होतं. वर ओली फडकी झाकली होती. माझ्या यादीत ‘फुलं ताजी ठेवणे’ असंच होतं. मुलींनी काम चोख केलं होतं. वजनाचा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता.

हेलिकॉप्टर उतरलं. मोठा पंखा थांबायच्या आत आप्पासाहेबांच्या पत्नी आरतीचं तबक घेऊन निघाल्या. नव्या गाडीची करतात तशी पूजा करून नारळ फोडायचा होता. आणि त्या निघाल्या ते नेमक्या शेपटीकडून. कॅप्टन तिथं आधीच हात पसरून उभे होते. “वहिनी, इकडून नाही. माझ्याबरोबर समोरून चला. आधी थांबू दे त्याला.” त्या बिचाऱ्या थांबल्या. नारळ फुटला, कुंकू काचेला लागलं.

मग आप्पासाहेब, त्यांचे जावई आणि मेहुणे असे तिघे बसायला निघाले. तिघेही अंगापिंडानं भरलेले. मागून टोपल्या.

मकरंदनं कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन त्याच्या खिडकीपाशी गेले, अर्थात समोरून. “सगळ्यांना घे,” ते म्हणाले. “हातभर उचल. एका जागी धर. काटा बघ. मग तू ठरव.”

पंखा फिरला, धूळ उडाली, आम्ही पदर तोंडाला लावले. हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर वर आलं, कुरकुरत थोडं डोललं, आणि मकरंदनं ते अलगद खाली ठेवून इंजिन बंद केलं. तो उतरून कॅप्टनपाशी आला.

“सर, इंजिनाची ताकद काहीच शिल्लक राहत नाही.”

“उचललं की,” आप्पासाहेब म्हणाले. “आम्ही बघितलं.”

“उचललं, आप्पासाहेब,” कॅप्टन म्हणाले. “खाली जमीन होती. पंख्याच्या वाऱ्याला जमिनीचा टेका मिळतो. शाळेवर उंचावर, एका जागी थांबायचं, उचलून धरायला वारा नाही, खाली टेका नाही. तिथून ते खाली बसायला लागलं तर मांडवात दोन हजार मुलं बसलीयत.”

“मग दोन टोपल्या कमी करा.”

“टोपल्या कोरड्या करा, पाहुणे उतरवा, मकरंद आणि एक हलका माणूस जाईल. उंचावरून, न थांबता, पुढे जात जात फुलं सोडतील.”

“आणि मी काय इथं बांधावर उभा राहू?” आप्पासाहेबांचा आवाज चढला. “पत्रिकेत माझं नाव छापलंय. कोण तुम्ही? निवृत्त माणूस. अहो, भ्यालात तर तसं सांगा.”

शेताचा मालक कडेला उभा होता. हेलिकॉप्टरकडे बोट दाखवत तो मला म्हणाला, “बाय, उरत का नाय ता? आमी सकालपास्‌ना उबं हाव.” तेवढ्यात शाळेतून मोटरसायकलवर शिपाई आला. “मंत्रीसाहेब पोचले. लवकर करा, लोक थांबलेत.”

कॅप्टननी मकरंदच्या खांद्यावर हात ठेवला.  मकरंद एकदा ढगांकडे बघत होता, एकदा आप्पासाहेबांकडे. शेवटी त्यानं खिशातून रुमाल काढला, काचेवरचं कुंकू पुसलं आणि म्हणाला, “मी हे भरून नेणार नाही, साहेब. रिकामं परत नेतो.”

“तुमच्या मालकाला फोन करतो मी,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी तो केला.

मी टोपल्या टेम्पोत चढवल्या. नववीच्या मुलींना दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं केलं. अनावरण झालं तेव्हा त्यांनी ओंजळी भरभरून फुलं टाकली. ओली असल्यामुळे ती सरळ खाली पडली आणि पुतळ्याला चिकटली. दृश्य वाईट नव्हतं. पण लोकांनी हेलिकॉप्टर पाहायला मान वर केली होती, आणि ती तशीच राहिली.

पुढच्या महिन्यात मकरंदची नोकरी गेली. कारण वेगळं दाखवलं गेलं. कॅप्टनना शिकवायला बोलावणंही बंद झालं. भाजी मार्केटात त्यांना बघून कुणी तरी डोक्यावर बोट गरगर फिरवी आणि हसे. ते स्वतःविषयी कधी बोलले नाहीत. मकरंदविषयी मात्र बोलत. जुन्या ओळखीच्या लोकांना पत्रं लिहीत, आणि पोस्टमन दिसला की वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभे राहत.

एकदा मी न राहवून विचारलं, “कॅप्टनसाहेब, ते पडलंच असतं का?”

“माहीत नाही. कदाचित नसतं पडलं. आप्पासाहेब फुलं टाकून हसत उतरले असते. पुढच्या वेळी चौथा माणूस बसवला असता. पडलं असतं तर चौकशी झाली असती, तुकडे गोळा झाले असते, कुणाला तरी शिकायला मिळालं असतं. नाही पडलं, याचा तुकडा कुठून आणायचा?”

“वाईट वाटतं?”

“त्या पोराचं वाटतं. त्याच्या घरी तिसरं माणूस आलंय.” मग हसले. “पण बाप घरी आहे.”

बऱ्याच महिन्यांनी मकरंदला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली. पेढे द्यायला तो मुलीला कडेवर घेऊन आला. कॅप्टन अंगणात पाठमोरे बसले होते. तो पेरूच्या झाडाला वळसा घालून त्यांच्यासमोर गेला.

गेल्या पावसाळ्यात कॅप्टन गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. त्यांचा मुलगा इम्रान आखातात असतो. त्याला दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. त्या दिवशी पावसानं कहर केला होता, महामार्गावर पुढची गाडी दिसत नव्हती. घरात माणसं दाटली होती. मौलवीसाहेब चपला घालून दारात उभे होते, कारण दफन अंधार पडायच्या आत करायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. इम्रान विमानतळावर उतरला होता, टॅक्सी करून निघत होता. त्याच्या मामांनी फोन घेतला.

“ड्रायव्हरला सांग, जोरात हाण. सगळं तयार आहे. लोक थांबलेत.”

आतल्या खोलीत नफीसाभाभी बायकांमध्ये बसल्या होत्या.  त्या उठल्या, बाहेर आल्या आणि भावाच्या हातातून फोन घेतला.

“इम्रान, बेटा,” त्या म्हणाल्या. “सावकाश ये. पाऊस थांबला नाही तर तूही कुठे तरी थांब. लोक थांबतील.”

त्यांनी फोन ठेवला. मौलवीसाहेबांनी एकदा बाहेरच्या पावसाकडे पाहिलं, एकदा भाभींकडे. मग चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि सतरंजीवर बसले. त्यांचं बघून बाकीचेही बसले.